जाऊबाईंची कॅप्सूल, छातीतली धडधड आणि थायरॉईडची गोळी

पत्र असं आहे:

ताई, वय ३६, सांगलीत एका पतसंस्थेत कामाला आहे. उंची ५ फूट १ इंच, वजन ७१ होतं. दुसऱ्या बाळंतपणात वाढलं ते उतरलंच नाही, त्यात थायरॉईड निघालं, रोजची गोळी चालू आहे. आमच्या मोठ्या जाऊबाई वजन कमी करायच्या कॅप्सूल विकतात, महिन्याचे २८०० रुपये, डबीवर 'शंभर टक्के हर्बल' लिहिलंय. तीन आठवडे घेतल्या, वजन ६७ वर आलं, भूकच लागत नाही. पण तोंड सारखं कोरडं पडतं, रात्री दोन वाजेपर्यंत झोप नाही, पोट साफ होत नाही आणि नुसतं बसलं तरी छातीत धडधडतं. जाऊबाई म्हणतात शरीरातली घाण बाहेर पडतेय, होईल बंद, आणि पुढे थायरॉईडची गोळीसुद्धा सुटेल. त्यांना माझा आधीचा आणि आताचा फोटो ग्रुपवर टाकायचाय. कॅप्सूल चालू ठेवू का? थायरॉईडची गोळी सोडू का? आणि हे बंद केलं तर वजनाचं काय करू, डाएट माझ्याच्याने होत नाही.

अगं, आधी उत्तरं देते मग बोलू सविस्तर. कॅप्सूल आजच बंद, उरलेली डबी संपवून बंद वगैरे नाही, आत्ता हे वाचतेयस ना तिथपासून बंद. थायरॉईडची गोळी सोडायची नाही, आणि वजन लवकर उतरावं म्हणून एकाच्या दोनही करायच्या नाहीत, डॉक्टरांनी जेवढी दिलीय तेवढीच. आणि उद्या सकाळी फॅमिली डॉक्टरांकडे जायचं, डबी पर्समध्ये टाकून. ती फेकून देऊ नकोस, डॉक्टरांना बघायला लागेल.

मी आहारतज्ज्ञ आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे तुझ्या छातीत नक्की कशाने धडधडतंय हे मी इथे बसून सांगू शकत नाही. पण तू जी यादी दिलीयस ना, तोंड कोरडं, झोप गायब, बद्धकोष्ठ, धडधड आणि भूक एकदम मेलेली, ही यादी वाचून मला एका औषधाचं नाव लगेच आठवलं, सिब्युट्रामिन. हे खरंखुरं औषध होतं, वजनासाठी डॉक्टर लिहून द्यायचे, मेंदूतल्या रसायनांवर काम करून भूक मारायचं. मग जवळपास १० हजार लोकांवर मोठा अभ्यास झाला, त्यात हे घेणाऱ्यांमध्ये हार्ट अटॅक आणि स्ट्रोक जास्त निघाले, २०१० मध्ये युरोप-अमेरिकेत बंद झालं आणि २०११ मध्ये आपल्याकडेही बंदी आली. आता गंमत बघ (गंमत कसली डोंबलाची), दुकानातून गेलं पण कारखान्यातून गेलं नाही, 'हर्बल' म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलमध्ये ते गुपचूप मिसळलेलं सापडतच राहिलं. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २००७ ते २०१६ या काळात लपवलेलं औषध असलेली ७७६ सप्लिमेंट पकडली, त्यातली साधारण ४१ टक्के वजन कमी करायची होती, आणि त्यात सगळ्यात जास्त वेळा काय सापडलं तर हेच सिब्युट्रामिन.

तुझ्या डबीत तेच आहे असं मी म्हणत नाहीये, लॅबमध्ये तपासल्याशिवाय ते कुणीच सांगू नये. पण त्रिफळा आणि गुग्गुळाने कुणाची भूक तीन आठवडे अशी गायब होत नाही, रात्री दोनपर्यंत टक्क जागं राहायला होत नाही. कॅप्सूल औषधासारखं काम करतेय आणि औषधाचं नाव डबीवर नाहीये, इथेच माझी पाल चुकचुकते. दुसरी एक शक्यता तुझ्या बाबतीत जास्त वाईट आहे. अशा गोळ्यांमध्ये कधीकधी थायरॉईड हार्मोनच घातलेलं असतं. तू आधीच ते हार्मोन गोळीतून घेतेयस, वरून कॅप्सूलमधून आणखी गेलं तर धडधड, घाम, हात थरथरणं, झोप न येणं हे सगळं होणार, आणि हे लांबलं की हृदयाचे ठोके अनियमित व्हायला लागतात, हाडंही ठिसूळ होतात. आणि ते बाहेरून मिळत असताना कुणी रिपोर्ट काढला तर 'बघा, थायरॉईड सुधारलं' असं वाटायला वाव आहे!! जाऊबाईंचं ते 'गोळी सुटेल' वाक्य मला म्हणूनच अजिबात आवडलेलं नाही.

तर डॉक्टरांकडे गेलीस की बीपी आणि ईसीजी करून घे, रक्तात टीएसएच म्हणजे थायरॉईडची तपासणी, लिव्हरचे रिपोर्ट म्हणजे एसजीओटी एसजीपीटी, आणि सोडियम पोटॅशियम. पाळी चुकली असेल तर प्रेग्नन्सी टेस्टही. आणि लाजून 'थोडा अशक्तपणा आहे हो' असं काहीतरी गोलमाल सांगू नकोस, सरळ सांग की तीन आठवडे ही कॅप्सूल घेतली. इतर काही गोळ्या चालू असतील, मायग्रेनची, डिप्रेशनची, अगदी नाक बंद झाल्यावर घेतो ती सर्दीची, तेही सांग, कारण भूक मारणाऱ्या औषधांबरोबर या गोळ्या जमत नाहीत. छातीत दुखलं, चक्कर येऊन पडलीस, धाप लागली, किंवा डोळे पिवळे दिसले, लघवी चहासारखी गडद झाली तर उद्याची वाट बघायची नाही, नवऱ्याला उठवायचं आणि हॉस्पिटल गाठायचं, मग रात्रीचे तीन का असेनात.

लिव्हर का म्हटलं ते सांगते. या असल्या डब्यांवर दोन नावं हमखास असतात, गार्सिनिया आणि ग्रीन टी एक्स्ट्रॅक्ट, तुझीपण बघ. गार्सिनिया म्हणजे आपल्या कोकमाच्याच कुळातलं फळ, केरळात माशाच्या कालवणात घालतात, आणि कालवणात घातलं तर काहीच होत नाही. पण त्याचा अर्क काढून कॅप्सूलमध्ये कोंबून रोज घेतला की काही जणांचं लिव्हर बिघडल्याच्या केसेस डॉक्टरांनी नोंदवलेल्या आहेत. ग्रीन टीचंही तसंच, कपभर पी ना खुशाल, पण युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्येच सांगितलंय की त्यातलं मुख्य द्रव्य सप्लिमेंटमधून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त गेलं तर लिव्हरला त्रास दिसायला लागतो. (कोकम सरबत आणि सोलकढी घाबरून सोडू नका बायांनो, कालच एकीने मेसेज करून विचारलं म्हणून सांगतेय. सरबतातली साखर तेवढी बघा.) आणि 'स्लिमिंग टी' नावाचा प्रकार कुणी देत असेल तर त्यात बहुतेक वेळा सोनामुखी असते, म्हणजे जुलाबाचं औषध. जुलाबाने पाणी जातं, पोटॅशियम जातं, काटा खाली येतो, चरबी जिथल्या तिथे.

आयुर्वेदाला मी नावं ठेवत नाहीये हं, उगाच भांडायला येऊ नका. वैद्यांनी नाडी बघून, माहिती विचारून, स्वतःच्या सहीने चिठ्ठीवर लिहून दिलेलं औषध वेगळं आणि व्हॉट्सअॅपवर 'डीएम फॉर प्राइस' करून आलेली कॅप्सूल वेगळी. डबीवर एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर आहे असं जाऊबाई म्हणतील. असू दे की, तो नंबर फरसाणाच्या पुडीवरही असतो. तो खाद्यपदार्थाचा परवाना आहे, वजन कमी होतं की नाही आणि हृदयाला चालतं की नाही याची औषधासारखी आधी माणसांवर चाचणी झाली असा त्याचा अर्थ होत नाही. आणि हे त्यांना कुणी सांगितलं नसेल बहुतेक, पण १९५४ चा ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा आहे, ज्या आजारांवर औषधाने इलाज करतो अशी जाहिरातच करता येत नाही त्यांच्या यादीत लठ्ठपणा आहे. म्हणजे फोटो टाकून 'लठ्ठपणा मुळापासून बरा' असं ग्रुपवर लिहिणं हे नुसतं खोटं नाही, अडचणीत आणणारं आहे.

आता ते ४ किलो. तुला वाटत असेल ताई काहीही म्हणो, काटा तर खोटं बोलत नाही. हिशोब करू, पतसंस्थेत आहेस, आकड्यांना घाबरणार नाहीस. १ किलो चरबी म्हणजे अंदाजे ७७०० कॅलरी. ४ किलोचे झाले ३० हजार ८००. २१ दिवसांनी भाग, रोजची तूट येते साधारण १४५० च्या वर. तुझ्या वयाची, उंचीची, बसून काम करणारी बाई दिवसभरात खर्चच करते १७०० ते १८०० कॅलरी. म्हणजे ती सगळी चरबी गेली असेल तर तू तीन आठवडे रोज फक्त दोन भाकऱ्यांवर राहिलीस असं धरावं लागेल. खरोखर तसं राहिली असशील तर ते उपासमार आहे, आणि राहिली नसशील तर त्या ४ किलोत पाणी आहे, शरीरात साठवलेली साखर आहे आणि थोडा स्नायूसुद्धा गेलाय. पाणी दोन दिवसात परत येतं. त्यामुळे कॅप्सूल सोडल्यावर काटा एक-दीड किलो वर गेला तर रडू नकोस आणि 'बघ, सोडलीस म्हणून वाढलं' हे ऐकून परत डबी उघडू नकोस, कारण धंदा नेमका त्याच आठवड्यावर चालतो. शिवाय इतक्या वेगाने वजन उतरवलं की पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो आणि दोन-तीन महिन्यांनी केस गळायला लागतात, तेव्हा कुणाला कॅप्सूल आठवत पण नाही, शाम्पूला दोष देतात.

मग डॉक्टरांकडे मिळणारी खरी औषधं नाहीत का? आहेत. ऑर्लिस्टॅट आहे, ते जेवणातल्या चरबीचा जवळपास तिसरा हिस्सा आतड्यात शोषूच देत नाही, पण ती चरबी बाहेर पडते कुठून ते तूच समजून घे, तेलकट भजी खाऊन एसटीत बसायचं धाडस करू नये एवढंच सांगते. ए, डी, ई, के ही व्हिटॅमिन्सही त्याच्याबरोबर जातात, आणि तुझ्यासाठी महत्त्वाचं म्हणजे थायरॉईडच्या गोळीत आणि त्याच्यात चार तासांचं अंतर लागतं. दुसरी म्हणजे हल्ली सगळ्यांच्या तोंडी असलेली इंजेक्शनं, सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपेटाइड, २०२५ मध्ये वजनासाठी आपल्याकडे अधिकृत आली. ती काम करतात, सेमाग्लुटाइडच्या मोठ्या अभ्यासात ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं. पण बंद केल्यावर वर्षभरात त्यातलं दोन तृतीयांश परत आलं हेही त्याच अभ्यासाच्या पुढच्या भागात दिसलं. मळमळ, उलट्या होतात, पित्ताचे खडे, स्वादुपिंडाला सूज हे धोके आहेत, घरात थायरॉईडच्या मेड्युलरी नावाच्या कॅन्सरची हिस्टरी असेल तर चालत नाही, बाळाचा विचार असेल तर चालत नाही. साधारणपणे बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, ३० च्या वर, किंवा २७ च्या वर आणि सोबत बीपी-शुगरसारखं काही असेल तर डॉक्टर विचार करतात. तुझा बीएमआय ७१ किलोला साडेएकोणतीस होता, आता २८ च्या जवळ आहे, तेव्हा रिपोर्ट बघून डॉक्टर ठरवतील, मैत्रिणीच्या उरलेल्या इंजेक्शनच्या पेनने सुरुवात करायची नाही. तसले पण मेसेज येतात मला.

थायरॉईडमुळे वजन वाढलं हे अर्धसत्य आहे. गोळी न घेता थायरॉईड कमी राहिलं तर साधारण २ ते ५ किलो वाढतं, त्यातलंही बरंचसं मीठ-पाणी. टीएसएच नीट असेल तर बाकीचं वजन थायरॉईडच्या नावावर टाकता येत नाही. गोळी सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, चहाच्या अर्धा-एक तास आधी घेतेस ना? की चहाबरोबरच गिळतेस? आणि कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळ्या असतील तर चार तास लांब. बऱ्याच जणींचं टीएसएच निव्वळ एवढ्यावर रुळावर येतं.

राहिलं 'डाएट माझ्याच्याने होत नाही'. मग नको करू डाएट. तुझ्यासारख्या नोकरी करणाऱ्या, घरी पाच-सहा माणसांचं रांधणाऱ्या बाईला किनोआ आणि अॅव्होकॅडो सांगणाऱ्यांचा मला रागच येतो. तुझ्या दिवसात बघ काय काय आहे. पतसंस्थेत चहा किती वेळा होतो? पाच कप धरू, कपात दोन चमचे साखर, झाले दहा चमचे, म्हणजे जवळपास ५० ग्रॅम साखर, २०० कॅलरी. महिन्याचे ६ हजार. म्हणजे कागदावर पाऊण किलो चरबी नुसत्या चहात. चहा सोड म्हणत नाही, दोन कप ठेव आणि साखर एक चमचा कर, पहिले आठ दिवस पांचट लागेल, नंतर हॉटेलातला चहा गोडमिट्ट वाटायला लागतो. टेबलावरचा भडंगाचा डबा ड्रॉवरमध्ये नको, दुसऱ्या खोलीतल्या कपाटात ठेव, उठून जावं लागलं की अर्धा संपतच नाही. आणि मुलांच्या ताटातलं उरलेलं 'वाया नको' म्हणून तू खातेस, खरं सांग. ते झाकून फ्रिजमध्ये टाक, सकाळी त्यांनाच दे.

ताटातली भाकरी काढायची नाही. ज्वारीच्या दोन भाकऱ्या खात असशील तर एक किंवा दीड कर आणि उसळ दुप्पट घे, मटकी, मूग, हुलगे, जे भिजत घातलं असेल ते. आपल्या ताटात प्रोटीनच कमी असतं म्हणून चार वाजता परत भूक लागते. सकाळी पोह्यांची बशी अर्धी आणि सोबत दोन अंडी, अंडी खात नसशील तर मुगाचं धिरडं आणि दही. चारच्या भुकेला मूठभर फुटाणे आणि ताक. रात्रीचं जेवण साडेदहाला होत असेल तर आठपर्यंत आण, घरातले नाही थांबले तर तू तुझं जेवून घे, कुणी काही म्हणत नाही, म्हटलं तरी चालेल. उपासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी म्हणजे साबुदाणा, शेंगदाणे, तूप आणि वर बटाटा, तो दिवस डाएटचा धरू नये हे वेगळं सांगायला नको.

दीक्षित डाएट करू का असं विचारशील म्हणून आधीच सांगते, दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत, मध्ये काही नाही आणि रोज चालायचं. महाराष्ट्रात कित्येकांनी केलंय, पैसे लागत नाहीत, आणि वजन उतरतं ते मुख्यतः मधलं अरबटचरबट बंद होतं म्हणून. जमणार असेल तर रिपोर्ट नीट आल्यावर डॉक्टरांना विचारून कर, पण शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी मनाने सुरू करायचं नाही, शुगर एकदम खाली जाते.

चालणं आठवड्याला दीडशे मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा तास. आमराईत फेऱ्या मार, नाहीतर ऑफिसला जाताना दोन स्टॉप आधी उतर, पण धडधड थांबून ईसीजी नॉर्मल आल्यावरच, तोपर्यंत साधं फिरणं. नुसत्या चालण्याने वजन फार उतरत नाही हे खरंय, त्याने उतरलेलं टिकतं. आणि स्नायूसाठी आठवड्यातून दोनदा खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस दहा-दहा वेळा, भिंतीला हात लावून जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घेऊन हात वर-खाली. जिमची फी वाचली.

सहा महिन्यांत ५ किलो गेले तरी मी तुला शाबासकी देईन. ७१ च्या ५ टक्के म्हणजे साडेतीन किलो, तेवढ्याने सुद्धा बीपी-शुगरमध्ये फरक दिसायला लागतो. रोज काट्यावर चढू नकोस, आठवड्यातून एकदा, आणि कमरेला टेप लाव. भारतीय बायकांसाठी ८० सेंटिमीटर ही रेषा धरतात.

आता सगळ्यात अवघड प्रश्न, जो तू विचारला नाहीस पण पत्रभर आहे. जाऊबाईंना नाही कसं म्हणायचं. मोठ्या आहेत, एकाच घरात किंवा एकाच गल्लीत असाल, सणावाराला तोंडं बघायची आहेत. ग्रुपवर काही लिहू नकोस, तिथे त्यांची बेअब्रू झाली की विषय कॅप्सूलचा राहणार नाही, भाऊबंदकीचा होईल. एकट्या असताना सांग, 'वहिनी, छातीत धडधडायला लागलं म्हणून दवाखान्यात गेले, डॉक्टरांनी बंद करायला सांगितलंय.' डॉक्टरांवर ढकलायचं, त्यासाठीच असतात ते. फोटोला मात्र स्पष्ट नाही म्हण, तिथे डॉक्टर मध्ये आणायचे नाहीत, 'मला माझा फोटो कुठे टाकलेला आवडत नाही' एवढं पुरे. कारण तुझा फोटो बघून दुसरी कुणीतरी, कदाचित बीपी असलेली, २८०० रुपये देईल.

आणि त्या स्वतः घेतात का ते विचार. बहुतेक घेत असतील, विकणारीनेच आधी घ्यायची असा नियमच असतो या धंद्यात, आणि माल आधी पैसे भरून उचलायला लावतात म्हणजे त्यांचेही पैसे अडकलेले असणार, त्यामुळे चिडल्या तर तो राग तुझ्यावरचा नसेल. पंचेचाळिशीच्या पुढच्या असतील तर त्यांचं बीपी मोजून घेणं तुझ्या ईसीजीइतकंच गरजेचं आहे, जमलं तर दोघी एकदमच जा. औषधाचा त्रास कळवायचा सरकारी टोल फ्री नंबर आहे, १८००-१८०-३०२४, तिथे डबीवरचं नाव आणि बॅच नंबर सांगता येतो, डॉक्टरही कळवू शकतात. तू तक्रार केलीस हे जाऊबाईंना कळायचं काही कारण नाही.

रिपोर्ट आले की पाठव, टीएसएचचा आकडा आणि सकाळची गोळी किती वाजता घेतेस हे दोन्ही लिही, जेवणाचं त्यावरून अजून नीट बसवता येईल.